अटींचा कागद आणि वाडीतली विहीर

गणपतीला गावी जाऊन आलेल्यांची पत्रे या वेळी जास्त आहेत, आणि बहुतेक सगळी रस्ते, पूल, बंधारे यांचीच. मी पंचवीसेक वर्षे अशा सरकारी कामांचे पर्यावरण आणि सामाजिक ऑडिट केले. म्हणजे काय, तर मंजुरी घेताना जे कबूल केले ते जागेवर झाले का, हे कागद हातात घेऊन बघायचे. त्या जोरावर जमेल तेवढी उत्तरे देतो.

प्रश्न : आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात मुंबई–गोवा हायवेच्या वरच्या अंगाला आहे. चौपदरीकरणासाठी डोंगर कापला तेव्हापासून विहीर मार्चमध्येच तळ गाठते. पूर्वी मेअखेरपर्यंत पाणी असायचे. ठेकेदाराची माणसे म्हणतात, 'भूजलावर परिणाम नाही' असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. आम्ही काय करावे?

आधी विहीर का आटली असेल ते सांगतो. आपल्याकडे वर जांभा आणि त्याखाली बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर. जांभा चाळणीसारखा. पावसाचे पाणी त्यातून उतरते, चिकणमातीवर अडते आणि तिच्या उताराने महिनोन्‌महिने सरकत राहते. आपल्या विहिरी आणि झरे त्यावर जगतात. रस्त्याचा उभा काप या सांध्याच्या खाली गेला की पाण्याला नवी वाट मिळते. जे पाणी मेपर्यंत पुरवून पुरवून तुमच्या विहिरीत यायचे, ते दिवाळीच्या आतच कापातून गटारात जाते. खात्री करायची असेल तर दसऱ्याच्या सुमारास, पाऊस उघडल्यावर, काप बघायला जा. तांबडा दगड संपून पांढरट-पिवळी माती सुरू होते त्या रेषेवर ओल, शेवाळ, एखादी बारीक धार दिसली, तर चोर सापडला म्हणा. पुढच्या पावसात दरड सुटते तीही बऱ्याचदा याच ओल्या रेषेवरून. वरच्या वाडीची कोरडी विहीर आणि खालच्या वाडीची दरडीची भीती, दोन्ही एकाच कापातून आलेल्या असू शकतात.

पण हे सिद्ध करताना गाडी अडते ती आधीच्या नोंदीवर. काप घेण्यापूर्वी विहिरीत कोणत्या महिन्यात किती पाणी होते, हे कुठे लिहिले आहे? 'परिणाम नाही' म्हणणाऱ्याने कोणत्या विहिरी मोजल्या आणि कधी? मी तपासलेल्या एका रिपोर्टात कोकणातल्या विहिरी सप्टेंबरात मोजल्या होत्या. सप्टेंबरात आमच्या विहिरीत वाकून कळशी बुडवता येते!

म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. प्रकल्प अहवालातला भूजलाचा भाग, मोजलेल्या विहिरींची यादी तारखांसह आणि पर्यावरण व्यवस्थापन आराखडा मागा. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही 'माहिती'च्या हक्कात येते. हे लोकांना माहीतच नसते, आणि साहेब लोक आपणहून सांगत नाहीत. अर्ज योग्य दारात टाका: पनवेल ते इंदापूर टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, इंदापूरच्या पुढचा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेचा. चुकीच्या दारातला अर्ज पुढे पाठवतात खरे, पण त्यात दिवस जातात.

एक फसवे उत्तर मिळू शकते : 'या कामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही.' ते खरेही असेल. पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेतल्या २०१३ च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल, आणि शिवाय मूळ मार्गावर ४० मीटरपेक्षा किंवा वळणमार्गावर ६० मीटरपेक्षा जास्त जादा जागा लागत असेल, तरच मंजुरी लागते. लांब रस्त्याची पॅकेजे पाडली की प्रत्येक तुकडा शंभराच्या आत. तमिळनाडूतल्या विळुपुरम–नागपट्टिणम रस्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये मंजुरीची गरज नाही असेच म्हटले, पण असे तुकडे पाडणे चालते का हे तज्ज्ञ समितीकडून तपासून घ्यायलाही सांगितले. मात्र मंजुरी नाही म्हणजे अटीच नाहीत, असे नव्हे. ठेक्याच्या करारात अटी असतात, वनजमीन गेली असेल तर त्या परवानगीत असतात, खडी क्रशरच्या संमतिपत्रात असतात. तेच कागद मागा.

आणि आधीची नोंद? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगावी आहेत, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. तुमच्या पाणलोटात एखादी असेल तर तिची दहा वर्षांची आकडेवारी मागवा. शिवाय आजपासून स्वतःची वही घाला. कठड्यावर रंगाने खूण, दोरीला दगड, दर महिन्याच्या एक तारखेला माप, खाली दोघांच्या सह्या. वर्षातून एकदा ती वही ग्रामसभेपुढे ठेवून ठरावात घ्या.

प्रश्न : आम्ही खाडीत तिसऱ्या, कालवं असे शिंपले काढून विकणाऱ्या बायका. खाडीवर पूल होतोय. ज्यांची जमीन गेली त्यांना नोटिसा आल्या, आमचे नाव कुठेच नाही. आमचा काही हक्क लागतो का?

ताई, लागू शकतो. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यातली 'बाधित कुटुंबा'ची व्याख्या सातबाऱ्यावर थांबत नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षे ज्यांची मुख्य उपजीविका जंगलावर किंवा पाण्यावर होती आणि संपादनामुळे ती बाधित झाली, असे कुटुंबही त्यात येते. मच्छीमार आणि नावाडी यांचा तर नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे पूल झाल्यावर ज्याची तर (होडीतून ने-आण) बंद पडेल तो तरवालाही दावा मांडू शकतो. खोच एवढीच, की नुकसानीचा धागा भूसंपादनाशी जोडून दाखवावा लागतो. पुलाच्या जोडरस्त्यासाठी काठावरची जी जमीन घेतली, तिच्यामुळे तुमची खाडीत उतरायची वाट बंद झाली का, भरावाने चिखलाचा पट्टा गेला का, हे लिहून द्या.

नावे सुटतात कशी, तेही एका जुन्या गोष्टीतून सांगतो. एका खाडीच्या कामात सर्वेक्षणाच्या यादीत शिंपले काढणारी एकही बाई नव्हती. मी सर्वेक्षणाची तारीख घेऊन पंचांग उघडले. चतुर्थी. आपला हिशेब तुम्हाला पाठच असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. सर्वेक्षणाची गाडी गावात आली होती नऊला! बायका चिखलात, घरात सासरे. सासऱ्यांनी धंदा सांगितला 'शेती'. यादीत तेच उतरले. ऑडिटमध्ये मी 'सर्वेक्षण ओहोटीच्या वेळी झाले' एवढेच लिहिले, आणि ते पुन्हा करावे लागले.

तुम्ही बचत गटाच्या वहीतच नोंद सुरू करा: कोण, कुठल्या पट्ट्यात, महिन्यातून किती ओहोट्या, कुठल्या बाजारात विक्री. जनसुनावणी लागणार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने लोकांना किमान ३० दिवस आधी नोटीस द्यायची असते. तिथे तोंडी बोलाच, पण लेखी देऊन पोच घ्या.

कांदळवनाचेही विचारा. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीसुद्धा कांदळवन तोडायचे तर न्यायालयाची परवानगी काढावी लागते, आणि २०१९ च्या सीआरझेड (किनारी क्षेत्र नियमन) अधिसूचनेनुसार तोडलेल्याच्या तिप्पट लागवड करायची. ती लागवड कुठे करणार? कधी कधी रिकामा दिसतो म्हणून उघड्या चिखलाचा पट्टाच निवडतात. रिकामा कसला, तिसऱ्यांचे घरच ते.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका प्रकल्पाचा सहामाही अनुपालन अहवाल मिळाला. प्रत्येक अटीपुढे 'पूर्तता केली आहे'. यातून काय कळणार?

बरेच कळते. मंजुरीच्या अटी पाळल्या का, हे प्रकल्पवाल्याने सांगायचे हे अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. लागोपाठचे तीन शेजारी ठेवा. आकडे दशांश चिन्हापर्यंत तेच असतील तर मोजमाप झालेलेच नाही. मला एकदा खाडीकाठच्या कामाच्या अहवालात वार्षिक पाऊस ६०० मिलिमीटर लिहिलेला सापडला. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो. सहाशे तर आपल्याकडे जुलैच्या एखाद्या आठवड्यात कोसळू शकतो. कुठल्या तरी कोरड्या जिल्ह्याचा अहवाल, नाव बदलून लावलेला. आणि त्याच पावसावर गटारांची मापे काढलेली!

सगळ्या अटी तपासत बसू नका. जिथे आकडा आणि जागा दोन्ही आहेत अशा तीन निवडा, उदाहरणार्थ झाडे किती आणि कुठे, माती टाकायची जागा कोणती, पाणी जायची उघाडी किती रुंद. मग चालत जा, तारीख उमटेल असे फोटो काढा आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा.

प्रश्न : तुमच्यासारख्या ऑडिटवाल्यांमुळेच मुंबई–गोवा हायवे रखडला. कोकणाला रस्ता नको का?

हवा. मीही त्याच खड्ड्यांतून गावी जातो. पण २०११ मध्ये सुरू झालेले काम विहिरी मोजल्यामुळे रखडले, असे म्हणणारा मला तरी पहिलाच भेटला. ठेकेदार बदलले, पैसे अडकले, आणि आपल्या सातबाऱ्यावर चाळीस नावे, त्यातली तीस मुंबईत. मोबदल्याच्या सह्या गोळा करायला वर्ष जाते. मनावर घेतले तर काम होते: महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा १६५ दिवसांत उभा राहिला. उलट परशुराम घाट आठवा. कापलेला डोंगर सुटत राहिला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात रोज काही तास घाट बंद ठेवून काम करावे लागले. उताराचे पाणी आधी बघणे स्वस्त पडले असते. तिवरे धरण फुटले तेव्हा खेकड्यांवर खापर फुटले होते. खेकड्यांना ऑडिटला उत्तर द्यावे लागत नाही, ही त्यांची सोय.

प्रश्न : प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज असेल तर काही फरक पडतो का?

पडतो, कारण मग तक्रारीला आणखी एक दार असते. ऑक्टोबर २०१८ पासून बँकेची दहा पर्यावरण-सामाजिक मानके नव्या प्रकल्पांना लागू आहेत, आणि गाऱ्हाणी ऐकायची व्यवस्था प्रकल्पातच असावी लागते. तिथे दाद लागली नाही तर दोन किंवा अधिक बाधित लोक मिळून बँकेच्या तपासणी मंडळाकडे जाऊ शकतात. हे मंडळ १९९३ चे, नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या वादातून आलेले. कोकणात खारबंधारे आणि भूमिगत वीजवाहिन्यांची कामे चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून झाली, त्याला याच बँकेचे कर्ज. कामाच्या फलकावर खाली बारीक अक्षरात कर्ज देणाऱ्याचे नाव असते, ते वाचा.

'कॅग काय करते मग?' असे त्याच पत्रात विचारले आहे. कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, सरकारला तपासते, तुमच्या विहिरीला नाही. पर्यावरण मंजुरीनंतरच्या देखरेखीवरचा २०१६ चा अहवाल क्रमांक ३९ आणि किनारी परिसंस्थांवरचा २०२२ चा अहवाल क्रमांक ४ जरूर चाळा. तुमच्या अर्जात काय विचारायचे ते त्यातून सुचेल.

प्रश्न : आमच्याकडच्या जेटीला मंजुरी मिळाल्याचे उशिरा कळले. हरित लवादात जाता येईल का?

मंजुरीविरुद्धचे अपील ३० दिवसांत, आणि उशिराचे सबळ कारण दिले तर त्यापुढे आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. नव्वदाव्या दिवसानंतर ते दार बंद. कोकणाचे खंडपीठ पुण्यात आहे. दिवस मोजायचे ते मंजुरी तुम्हाला कळवल्यापासून, आणि ती स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर करणे, ग्रामपंचायतीला प्रत देणे ही प्रकल्पवाल्याची जबाबदारी. ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत ती प्रत कुठल्या तारखेला चढली आहे ते उद्याच बघून या. तुमच्या पत्रात ती तारीख नाही.