पंथ नंतर, नमाज आधी

बेटा, तू नमाज-कुराण शिकायला लागलास, बरं वाटलं. पण "मी देवबंदी म्हणू की बरेलवी?" हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. या सुन्नी मुसलमानांतल्याच दोन विचारधारा. कुराणातल्या सूरह हज्जच्या 78व्या आयतीत नाव एकच दिलंय, मुस्लिम. ही नावं फार नंतरची, देवबंदचा मदरसाच मुळात 1866 चा. आणि फिकहात, म्हणजे धर्माचे नियम ठरवण्यात, हे दोघंही हनफीच; शाफई, हंबली या तशाच इतर सुन्नी परंपरा!

सुरुवातीला एवढंच कर:

- वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) आणि नमाज नीट बसव. रोज चार आयती, अर्थासकट.
- नमाजात शेजारचा मोठ्याने आमीन म्हणाला तर मान वळवून बघू नकोस. शाफई-हंबली मोठ्याने म्हणतात, हनफी हळू. हा फरक शेकडो वर्षांचा आहे.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते मोबाईलवरचे वादाचे व्हिडिओ बघून घरच्यांनाच गुमराह, म्हणजे वाट चुकलेले, ठरवण्यात. मी विशीत हेच केलं. खुलताबादच्या दर्ग्याच्या उरुसाला जातात, ते मला चूक वाटायचं म्हणून मामूंशी दोन वर्षं बोललो नाही. शेवटी ईदला तेच आले, गळाभेट घेतली, शीरखुर्म्याची वाटी हातात दिली. माझी मान वर होईना.

शिया-सुन्नी इतिहास वर्षभराने बघू. मशीद घराजवळची धर, आणि फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, उठायची सवय लाव.