पट्टी फॉक्सप्रोतच राहू द्यायची का?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि धंदा

प्रश्न : ताई, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एकतीस अडत दुकानांना आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो; शेतकऱ्याला द्यायची पट्टी, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाचा कागद, त्यातूनच निघतो. अण्णांनी ते 1997 साली फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस साधनात लिहिलं, पुढे त्याच्याच विंडोजवरच्या रूपात, व्हिज्युअल फॉक्सप्रोत आणलं. मी सहा वर्षांपूर्वी त्यांचा भागीदार झालो. कंपनीनंच वाऱ्यावर सोडलेल्या साधनावर धंदा ठेवू नये, सगळं नव्यानं लिहावं, असं माझं म्हणणं. अण्णा म्हणतात, "एका तरी दुकानाची पट्टी चुकली का? मग हात कशाला लावायचा?" मागच्या महिन्यात यावरून इतकं वाजलं की आता आम्ही कामापुरतंच बोलतो. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला 2007 चा मार्च आठवला. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती डिसेंबर 2004 मध्ये आली होती आणि आम्ही सगळे दहावीची वाट बघत होतो. मायक्रोसॉफ्टनं त्या मार्चमध्ये जाहीर केलं की दहावी येणार नाही. संध्याकाळी मिरज रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर आम्ही सहा-सात फॉक्सप्रोवाले जमलो आणि तासाभरात दोन तट पडले. एक म्हणत होता, उद्यापासून डॉटनेट हे मायक्रोसॉफ्टचं नवं साधन शिकायचं. दुसरा म्हणत होता, सांगलीतल्या निम्म्या पतसंस्था यावर चालतात, कोण बंद करतंय बघू. तिकडे स्पॅनिश भाषिक प्रोग्रामरांनी सह्यांची मोहीम काढली होती : पुढे चालू ठेवा, नाहीतर कोड तरी खुला करा. मीही मनापासून सही केली. मूळ इंजिन काही खुलं झालं नाही, आणि 13 जानेवारी 2015 ला उरलासुरला आधारही संपला. त्या चहाच्या गाड्यावर भांडलेले दोघं आजही एकमेकांकडे जात नाहीत. तुमच्याकडे तसं होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते.

अण्णांचा जीव त्यात का अडकलाय, ते मला कळतं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या कारकुनानं ऐन हळदीच्या हंगामात अख्ख्या दिवसाच्या पट्ट्या डिलीट केल्या होत्या. मालक फोनवर रडकुंडीला आले. फॉक्सप्रो डिलीट केलेली नोंद लगेच पुसत नाही, तिच्या पहिल्या बाइटमध्ये फुलीसारखा तारा ठेवतं. पॅक ही आज्ञा दिली की मगच ती जाते. मी तिथं गेले, रिकॉल ऑल ही नोंदी परत आणायची आज्ञा टाइप केली, आणि दोनशेच्या वर पट्ट्या जागच्या जागी आल्या. असं काम ज्यानं वर्षानुवर्षं केलं, तो त्या साधनाला म्हातारं म्हटलेलं ऐकून घेणार नाही.

तरी मुद्द्यावर मी तुमच्या बाजूची आहे. कारण मायक्रोसॉफ्ट नाही, मराठी आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता, कधी नव्हतंच. त्यामुळे आपण सगळ्यांनी शेतकऱ्यांची नावं फॉन्टच्या आधारानं साठवली. टेबल उघडून फॉन्ट बदला, तिथं नुसता इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसेल. 'शिर्के' हे आडनाव घ्या. जुन्या फॉन्टमध्ये ते जसं दिसतं तसं साठवलंय : आधी वेलांटी, मग श, मग क, त्यावर मात्रा आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये आधी श, मग वेलांटी, मग र आणि हलन्त, मग क आणि मात्रा. म्हणजे नुसतं चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही, वेलांटी मागे आणि रफार पुढे न्यावा लागतो. फॉन्ट बदलला की कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर, हा तक्ताही बदलतो. जोवर हे होत नाही, तोवर त्या शेतकऱ्याला मोबाइलवर मराठीत पट्टी धाडता येणार नाही, आणि नावांची यादीसुद्धा बाराखडीच्या क्रमानं लागणार नाही. माणसाचं नाव एका फॉन्टच्या भरवशावर आहे, ही गोष्ट मला कोणत्याही आवृत्तीपेक्षा जास्त लागते.

म्हणून पहिलं काम नावांचं. टेबलात नवा रकाना काढून त्यात युनिकोड भरा, जुन्याला हात लावू नका. रूपांतर झालं की सगळी नावं कागदावर छापून दुकानाच्या दिवाणजींपुढे ठेवा आणि त्यांच्याकडून लाल पेनानं चुका काढून घ्या. गावोगावची आडनावं त्यांच्याइतकी कोणाला माहीत नसतात.

दुसरं काम अण्णांशिवाय होणार नाही, आणि "सगळं नव्यानं" म्हणताना तुम्ही घाई करताय ती इथंच. 2012 मध्ये माझ्याच हाताखालच्या एका मुलानं जुना प्रोग्राम नव्यानं लिहिला. मूळ कोडात तागाच्या पोत्याला बारदान म्हणून एक किलो वजा करणारी एक ओळ होती, शेजारी काहीही लिहिलेलं नव्हतं. त्यानं ती निरुपयोगी समजून गाळली. चाळीस पोत्यांच्या पट्टीत चाळीस किलो जास्त धरले गेले. क्विंटलला 7,000 च्या भावानं एका शेतकऱ्यामागे 2,800 रुपये दुकानदाराच्या पदरचे. आम्हाला कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. ती ओळ का आहे, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, पण त्याला कोणी विचारलंच नाही. तेव्हा वही घेऊन अण्णांशेजारी बसा. हमाली कशी धरली, तोलाई कुठं गोल केली, अमुक दुकानाला वेगळा नियम का, एकेक फॉर्म उघडून विचारत जा. महिना लागला तर लागू दे.

आणखी एक, हे आजच करा. मूळ कोड अण्णांच्या एकाच मशीनवर आहे का? ऑगस्ट 2019 च्या महापुरात गणपती पेठेतल्या माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे संगणक पाण्यात गेले. डेटा वाचला, कारण वर्षाचा सगळा व्यवहार एका पेन ड्राइव्हवर मावला होता आणि तो मुलीच्या पर्समध्ये होता. पण प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ आधीच वारले होते आणि मूळ कोड कोणाकडेच नव्हता. एक साधा रिपोर्ट बदलायला त्यांना हातापाया पडत फिरावं लागलं. तुमचे फॉर्म आणि रिपोर्ट फॉक्सप्रोच्या टेबलांच्याच रूपात असतात, त्यामुळे काल आणि आज यांत काय बदललं हे दिसत नाही. फॉक्सबिन-टू-पीआरजी नावाचं साधन त्यांचा मजकूर करून देतं, जगभरच्या फॉक्सप्रोवाल्यांनी मिळून ते जिवंत ठेवलंय. तो मजकूर गिटमध्ये, म्हणजे कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, ठेवा, एक प्रत सांगलीबाहेर.

नवं लिहून झालं की एक पूर्ण हंगाम दोन्ही शेजारी चालवा आणि रोज रात्री दोन्हीकडच्या पट्ट्या ताडून पाहा. तोवर एकतीस दुकानं आहेत तिथंच राहू द्या. बत्तिसावं दुकान मात्र फॉक्सप्रोवर घेऊ नका, आणि हे अण्णांना तुम्ही स्वतः, त्यांच्या घरी जाऊन सांगा.

प्रश्न : आमचं बेदाण्याचं दुकान. डॉसवरचा फॉक्सप्रो 2.6 चा प्रोग्राम नव्या संगणकावर उघडतच नाही. जुने हिशेब बघायचे तरी कसे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तो प्रोग्राम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा आहे, 64 बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येतं. डॉसबॉक्स हे डॉसची नक्कल करणारं साधन घालून त्यात चालवा, बहुतेक उघडेल. डॉट मॅट्रिक्सवरची छपाई आधी एका कागदावर तपासा. जुनं मशीन भंगारात देण्याआधी डीबीएफ, म्हणजे टेबलांच्या फायलींसोबत एफपीटी फायलीही उचला. शेरे त्यांत असतात, आणि त्या मागे राहिल्या तर टेबल उघडतच नाही.