वाचकांचे प्रश्न : तांदूळ पुरेसा, तरी भात महाग

प्रश्न : जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि त्यानंतर आफ्रिकेतील गरीब देशांत भात महागल्याच्या बातम्या आल्या. सरकारने आपल्या ग्राहकांसाठी धान्य राखून ठेवले, तर त्यात वावगे काय? आणि जगात तांदूळ पुरेसा पिकतो म्हणतात, मग एका देशाच्या निर्णयाने एवढा फरक का पडावा?
– एक वाचक, निफाड

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा परदेशी विकला जातो. बाकीचा ज्या देशात पिकतो, त्याच देशात खाल्ला जातो. या लहानशा बाजारात अलीकडच्या वर्षांत सुमारे चाळीस टक्के माल एकट्या भारताचा असतो. त्यामुळे भारताने हात आखडता घेतला, की जगातील एकूण पिकाच्या मानाने क्षुल्लक असलेली घट आयातदारांच्या दृष्टीने मात्र फार मोठी ठरते, आणि टंचाईच्या धास्तीने भाव आणखी चढतात.

२००७-०८ मध्ये याचा पुरता प्रत्यय आला. त्या वर्षी जगात भाताचे पीक चांगले होते. तरीही गहू महागत असल्याने भारताने ऑक्टोबर २००७ पासून बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर बंधने आणली, पाठोपाठ व्हिएतनामनेही हात आवरला, आणि त्या काळचा सर्वांत मोठा आयातदार असलेल्या फिलिपिन्सने घाबरून मिळेल त्या भावाने खरेदीच्या निविदा काढल्या. थायलंडचा तांदूळ २००८ च्या आरंभी टनाला चारशे डॉलरांच्या आतबाहेर होता. एप्रिल-मेमध्ये तो हजार डॉलरांच्या वर गेला. भाव उतरले ते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार घ्यावा लागलेला, प्रामुख्याने अमेरिकी तांदूळ जपानच्या गोदामांत पडून होता. तो फिलिपिन्सला देण्याची तयारी जपानने दाखवली आणि अमेरिकेने हरकत घेतली नाही, एवढ्यानेच, तो साठा प्रत्यक्ष हलण्याआधी, बाजार नरमला. व्हिएतनामचे नवे पीक हाताशी येत होते, हे कारणही होतेच. पण धान्याच्या टंचाईपेक्षा टंचाईच्या धास्तीचाच हा खेळ होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वावगे काय, याविषयी. आपल्या नागरिकांची सोय आधी पाहणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच आहे. वर्षभरात तांदळाचे किरकोळ भाव सुमारे साडेअकरा टक्क्यांनी वाढले होते आणि एल निनोमुळे पाऊस दगा देईल अशी भीती होती, हेही खरे. मात्र त्याच वेळी सरकारी गोदामांत राखीव साठ्याच्या निकषापेक्षा कितीतरी अधिक तांदूळ होता. तो खुल्या बाजारात आणखी सढळपणे सोडता आला असता, किंवा सरसकट बंदीऐवजी सप्टेंबर २०२२ पासून असलेले २० टक्के निर्यात शुल्क वाढवता आले असते. बंदीनंतर ऑगस्टमध्ये थायलंडच्या तांदळाने पंधरा वर्षांतील उच्चांक गाठला. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, तुकडा तांदळाची निर्यात बंद झाली होती. आपल्याकडे तो पशुखाद्याला आणि इथेनॉलला जातो. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये तोच घरोघरी रोज शिजतो.

बंदीचा बोजा सरकारी तिजोरीवर पडत नाही, म्हणून ती सोपी वाटते. तो पडतो शेतकऱ्यावर आणि परदेशातील गरीब ग्राहकावर. हे निफाडच्या वाचकाला मी वेगळे सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात थांबली, तेव्हा लासलगाव-चांदवड भागात शेतकरी रस्त्यावर उतरले आणि ढाक्यात किरकोळ भाव एक-दोन दिवसांत दुपटीच्या घरात गेला. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह.

प्रश्न : मग गरीब देशांनी लागणारे सगळे धान्य स्वतःच का पिकवू नये?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाचा इतिहास वाचला की आपला मुद्दा पटू लागतो. १९८० च्या दशकापर्यंत तो देश आपला बहुतेक तांदूळ आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात पिकवत असे. १९९५ मध्ये तांदळावरील आयात शुल्क ३ टक्क्यांवर आले, अनुदानामुळे स्वस्त झालेला अमेरिकी तांदूळ बंदरांत उतरू लागला आणि खोऱ्यातील शेतकऱ्यांना त्याच्यापुढे टिकणे अवघड झाले. २००८ मध्ये जागतिक भाव कडाडले, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि १२ एप्रिलला पंतप्रधान झाक-एदुआर अलेक्सी यांना पद सोडावे लागले. ज्यांच्या कारकिर्दीत हे धोरण राबवले गेले, त्या अमेरिकेच्या माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ती चूक असल्याचे मान्य केले.

तरीही सरसकट स्वावलंबनाचा आग्रह मी धरणार नाही. फिलिपिन्सने वर्षानुवर्षे आयातीवर संख्यात्मक बंधने ठेवली. परिणामी देशातील तांदूळ शेजाऱ्यांपेक्षा महाग राहिला आणि त्याची झळ विकत घेऊन खाणाऱ्या गरिबांना बसली. त्यांत अल्पभूधारक शेतकरी आणि शेतमजूरही आले. अखेर २०१९ मध्ये ती बंधने काढून त्यांच्या जागी आयात शुल्क आणावे लागले. थोडे आपले पीक, थोडा राखीव साठा आणि एकाहून अधिक देशांकडून खरेदी, असा मेळ घालणे कंटाळवाणे असले, तरी ते निभावते.

प्रश्न : रेशनवर धान्य मोफत मिळते, तर मग आपल्याकडे महागाईची एवढी ओरड का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना धान्य मिळते, प्राधान्य कुटुंबांना दरडोई पाच किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. परंतु २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ४६ टक्के असून त्यात तृणधान्यांचा हिस्सा एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. दूध, भाजी, डाळ आणि तेल बाजारभावानेच घ्यावे लागते. तूर किंवा टोमॅटो कडाडला, की मोफत तांदळाचा त्या बिलाशी फारसा संबंध उरत नाही.