पुरण आमचं, ठराव त्यांचा

प्रश्न : काकू, नमस्कार. मिरजेजवळच्या आमच्या गावात राममंदिराचा ट्रस्ट आहे. रामनवमीचे नऊ दिवस भजन, नैवेद्य, पंगती सगळं आम्ही बायका ओढतो. यंदा सभामंडपाच्या खर्चाची बैठक होती. आम्हाला चहा आणायला सांगितलं आणि कपबश्या ठेवल्यावर दार लोटून घेतलं. मी विश्वस्त व्हायचं म्हटलं, तर "समर्थांच्या परंपरेत बसत नाही" म्हणाले. सासरेही विश्वस्त आहेत. काय करू?

उत्तर : समर्थांचं नाव त्यांनीच काढलं, हे बरं झालं. मिरजेचा मठ समर्थांनी कुणाच्या हाती दिला, विचार त्यांना. वेणाबाईंच्या! त्यांची शिष्या, बालविधवा बाई, तिला उभं राहून कीर्तन करायला लावलं. 1682 साली समर्थ गेल्यावर शिष्य दिवाकर गोसाव्यांबरोबर संप्रदायाचा कारभार पाहिला तो अक्काबाईंनी, त्याही शिष्याच. दोघींचीही वृंदावनं सज्जनगडावर आहेत. माझी आजी साताऱ्याहून गडावर गेली की वेणाबाईंपाशी जरा जास्तच रेंगाळायची. तीही तरुणपणीच विधवा झालेली. अर्थात लोकांनी वेणाबाईंनाही सुखानं बसू दिलं नव्हतं. घरच्यांनी विष दिल्याची कथा सांगतात.

आता कामाचं. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या घटनेची नक्कल काढ. विश्वस्त कसे नेमायचे, ते त्यात सापडेल. ट्रस्टना लागू असलेल्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात बाईला बंदी नाही. नेमणूक झाली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, त्याच कार्यालयात जायला हवा, नाहीतर नाव नुसतं वहीत राहतं.

पण खुर्चीआधी हिशेब माग. आमच्या पेठेतल्या देवळाच्या कमिटीत मला घेतलं, तेव्हा दोन वर्षं माझ्याकडे फक्त सह्यांचं रजिस्टर यायचं, तेही बैठक उरकल्यावर. तिसऱ्या वर्षी उत्सवाची बिलं मागितली. तेलाचे अकरा डबे लावलेले. कढईपाशी मीच उभी होते, सातच उघडले होते. कुणी खाल्ले म्हणत नाही मी, उरलेले कुठे आहेत एवढंच विचारलं. त्यानंतर बैठकीची वेळ मला आधी कळायला लागली. शंभर पानांना डाळ किती आणि गूळ किती, हे तुम्हा बायकांइतकं त्या खोलीत कुणाला माहीत आहे?

एकटी जाऊ नकोस, भजनातल्या चौघी-पाचजणींच्या सह्यांचा अर्ज दे. आणि सासऱ्यांना आधी घरी सांग, जेवणं झाल्यावर, निवांत. चारचौघांत पहिल्यांदा कळलं, तर मनात नसतानाही ते तुझ्या विरोधात हात वर करतील.