कोऱ्या पुंगळ्या भरण्याआधी

प्रश्न: रायफलच्या नव्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी कवचं) पाकिटातून काढून थेट भरल्या तर चालेल ना?

नका भरू. वाहतुकीत एकमेकींवर आपटून त्यांची तोंडं चेपलेली असतात. अशा तोंडात गोळी एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने सैल बसते. प्रत्येकीच्या मानेतून, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद टोकातून, निदान एक्स्पांडर मँड्रेल (तोंड गोल करणारी दांडी) फिरवाच. मी तर सगळ्याच फुल लेंग्थ सायझिंग डायमधून (अख्खी पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून) काढतो, म्हणजे मानेची पकड सगळीकडे सारखी मिळते. वंगण मात्र पातळ हवं. खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, साचलं की तिथे खळगा पडतो.

शिवाय नवी मान आतून अगदी कोरडी असते. वापरलेल्या पुंगळीत काजळीचा थर असतो, इथे तो नसल्यामुळे गोळी अडखळत बसते. ग्रॅफाइट लावलेला ब्रश एकदा आतून फिरवून बघा, गोळी बसवायच्या प्रेसच्या दांड्यावरच फरक कळेल.

प्रश्न: नव्या मालाचीही लांबी मोजायची?

मोजायची, पण सायझिंगनंतर, कारण त्यात पितळ लांबतं. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिमी, ट्रिम करताना (तोंड कापताना) ५०.९३ वर आणतात. कमाल लांबीहून लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) टोकाला दाबलं जातं, गोळी मोकळी सुटत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. नवा माल बहुधा आखूडच निघतो. तसं असेल तर कापू नका, फक्त तोंडाच्या बाहेरची बर (धातूची खरखरीत कड) काढा आणि आतून हलकं चॅम्फर करा, म्हणजे कड किंचित तिरकी घासा. तोंडाला सुरीसारखी धार आली तर चॅम्फर जास्त झालं.

प्रश्न: मानेवर निळसर-तपकिरी डाग आहेत. माल जुना आहे का?

नाही. मान नरम करण्यासाठी तापवल्याची ती खूण आहे. काही कारखाने ती पॉलिश करून घालवतात, काही तशीच ठेवतात.

प्रश्न: चमक आणायला अमोनियाचं क्लीनर वापरू का?

अजिबात नको! पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, आणि ताण असलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवलेली काडतुसं आपोआप तडकत. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण, हे १९२१ मध्ये उलगडलं. वंगण काढायला कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो. आतून पूर्ण वाळेपर्यंत प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बसवू नका.