मित्र विमान अपघातात गेला. आता मी वैमानिक व्हावं का?

प्रश्न : सैनिकी शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे असलेला जिवलग मित्र हवाई दलात वैमानिक होता. दोन महिन्यांपूर्वी विमान कोसळून तो गेला. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय २१. एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची प्रवेश परीक्षा, पास झालोय; पुढच्या महिन्यात एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. त्याचं राहिलेलं मला पूर्ण करायचंय. आई म्हणते, नाद सोड. अंत्यसंस्कारानंतर त्याच्या घरी गेलेलो नाही. जाऊन बोलू काय? त्याची फिजिक्सची वही अजून माझ्याकडेच आहे.
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : अरे, आधी त्याच्या घरी जा. एसएसबीचं नंतर बघू.

तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते; दोन महिन्यांनी कुणी दार वाजवत नाही. जाऊन चहा घे, होस्टेलवरच्या त्याच्या खोड्या सांग, त्याचं नाव घेऊन बोल. लोक नेमकं तेच टाळतात. अपघात कसा झाला, चूक कुणाची, यात मात्र पडू नकोस. कोर्ट ऑफ इन्क्वायरीला, म्हणजे हवाई दलाच्या अधिकृत चौकशीला, वेळ लागतो, आणि तोवर गावभर तर्क चालतात. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ मध्ये मिग-२१ च्या अपघातात गेले, तेव्हा चूक मुलाची होती हे त्यांच्या आईला, कविताताईंना, मान्य नव्हतं. त्यासाठी त्या किती वर्षं झगडल्या! असल्या घरात आपला एक शब्दही जपून टाकावा.

आणखी एक. पेन्शन, विमा, बँक, वारसाचे कागद. युनिट मदत करतं, पण गावातल्या फेऱ्या वडिलांनाच माराव्या लागतात. गाडी काढ आणि त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. रांगेत तू उभा राहा.

आता तुझं. एएफकॅट वर्षातून दोनदा होते, एसएसबीही पुन्हा देता येते. पण वैमानिकासाठीची सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच. पडदा, जॉयस्टिक, पायाखालची पॅडल्स, आणि एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष. तिथे नापास झालास तर फ्लाइंगचं दार कायमचं बंद. रात्री झोप लागत नसेल तर ही खेप सोड. फ्लाइंगसाठी कोर्स सुरू होताना वय २४ पर्यंत चालतं, म्हणजे तुझ्या हाती वेळ आहे.

‘त्याचं राहिलेलं’ हे वाक्य मला खटकलं. तो गेला नसता तर तू हा फॉर्म भरला असतास का? उत्तर ‘हो’ असेल तर जरूर जा. मुलाखतीत मित्राचा विषय निघाला तर लपवूही नकोस. ‘नाही’ असेल तर तुला उडायचंय की त्याला परत आणायचंय, हे स्वतःलाच विचार. अभियंत्यांसाठी ग्राउंड ड्युटीची तांत्रिक शाखा आहे. विमान उडण्याजोगं ठेवणं हे काम काही दुय्यम नव्हे. आईला आत्ता पटवायला जाऊ नकोस. तिच्या डोळ्यांसमोर अजून ती तिरंग्यातली पेटी असेल. मित्राकडे जाताना तिलाही बरोबर ने.

आणि ती वही. झेरॉक्स स्वतःकडे ठेव, मूळ वही त्याच्या आईच्या हातात दे. समासात त्याने काही चितारलं असेल तर ते पान आधी उघडून दाखव.