मार्चअखेर जपान: साकुराचा ऐन बहर कसा गाठायचा आणि कॅमेऱ्यासोबत कुठली लेन्स न्यायची?

मार्चअखेर जपानला जाऊन साकुरा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर, टिपायचा आहे; टोकियो, क्योटो, ओसाका आणि हातात दहा दिवस. असाच बेत मी दोन वर्षांपूर्वी केला होता, म्हणून आधी मोडता घालतो: बहराच्या तारखेमागे धावू नका.

टोकियोत बहर जाहीर होतो तो यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावरून. हवामान खात्याची माणसं येऊन बघतात. पाच-सहा फुलं उमलली की 'काइका', म्हणजे सुरुवात. ८० टक्के कळ्या उमलल्या की 'मानकाई', ऐन बहर. मध्ये साधारण आठवडा जातो आणि पुढच्या आठवड्याभरात सगळं खाली. पाऊस-वारा आला तर त्याही आधी. आपण तिकिटं काढतो चार-सहा महिने अगोदर, तेव्हा हा हिशेब जमला तर नशीब.

शहरांत बहुतेक झाडं 'सोमेई योशिनो' जातीची. ती सगळी एकाच झाडाच्या कलमांची, म्हणून एकदमच फुलतात. आणि मुख्य म्हणजे तिची फुलं गुलाबी नसतात हो! जवळजवळ पांढरीच. मी पहिले दोन दिवस टोकियोच्या उएनो पार्कात मान वर करून फोटो काढत सुटलो. आभाळ भरलेलं. (या दिवसांतल्या ढगाळ हवेला तिकडे 'हानागुमोरी' असा खास शब्दच आहे, यावरून ओळखा.) रात्री हॉटेलात पाहिलं तर राखाडी कागदावर कापूस चिकटवल्यासारखं दिसत होतं.

तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) पाऊण-एक स्टॉप, म्हणजे पायरीभर, वाढवलं, कारण एवढा पांढरा रंग दिसला की कॅमेरा तो मळकट करतो. आणि आकाश फ्रेममधून हाकललं. फुलांमागे काहीतरी गडद हवं: पाइनची झाडं, देवळाची कौलं, ओलं खोड, पाणी. टोकियोत चिदोरिगाफुचीला राजवाड्याच्या खंदकावर फांद्या खाली झुकलेल्या असतात. तिथे होडीसाठी रांगेत वेळ न घालवता वरच्या पायवाटेवरून टेलिफोटोने (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) खाली बघा, मागे काळंभोर पाणी मिळतं.

क्योटोत केआगेचा जुना रुळांचा उतार आहे, ५८२ मीटरचा. पूर्वी यावरून कालव्यातल्या होड्या गाडीवर चढवून वर-खाली नेत. आता रूळ बंद असल्याने मधोमध चालता येतं, पण सकाळी सहाला पोचा. आठनंतर फक्त माणसांचे फोटो येतील, तेही किमोनो भाड्याने घेतलेल्या.

क्योटोतल्या तिसऱ्या दिवशी दिवसभर पाऊस. वैतागून 'तत्त्वज्ञाच्या वाटे'वर, तिथल्या कालव्याकाठच्या पायवाटेवर, गेलो, तर कालव्यात पाकळ्यांचा सडा, आपल्या प्राजक्ताखाली पडतो तसा, फक्त हा वाहता. याला 'हानाइकादा' म्हणतात, फुलांचा तराफा. ट्रायपॉड नव्हताच (बऱ्याच देवळांत चालतही नाही), कॅमेरा पुलाच्या कठड्यावर टेकवला, शटर अर्धा सेकंद. पाकळ्यांच्या रेघा उमटल्या. साऱ्या सहलीतला तोच एक फोटो मी मोठा छापून घेतलाय.

क्योटोतल्या गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्यांत शिरू नका, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. मायकोंच्या (शिकाऊ गेइशांच्या) मागे कॅमेरा घेऊन पळणारे पाहिले की आपल्यालाच लाज वाटते. ओसाकात किल्ला बघा, अर्धा दिवस पुरे. टांकसाळीतली प्रसिद्ध साकुरा-वाट एप्रिलमध्ये उघडते, ती तुम्हाला मिळणार नाही.

लेन्स एकच न्यायची तर ७०-२०० मिमीची टेलिफोटो. रुंद फोटो मोबाइल काढतो.

जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा ५०,००० येन झाला आणि टोकियो-क्योटो शिंकान्सेनला (बुलेट ट्रेनला) एका बाजूचे सुमारे १४,०००. क्योटोला जाताना उजवीकडची 'ई' सीट मागा, फुजी त्या बाजूला दिसतो. मला नाही दिसला, ढगात होता.